खिडकीकडचा काटा

१

“वहीत खोडायचं नाही. चुकलं तरी नाही. आणि का म्हणून विचारायचं नाही.”

शशीकाकांनी हा नियम सांगितला तो नऊ जाडजूड वह्यांची चळत वरदाच्या दोन्ही हातांवर ठेवता ठेवता. हात अडकलेले असले की माणूस कमी भांडतं, हे भूल देणाऱ्या डॉक्टरला पक्कं ठाऊक असावं. चाळीस वर्षं त्यांनी इंग्लंडातल्या इस्पितळांत माणसांना झोपवलं होतं. निवृत्त झाल्यावरही समोरच्यानं उलट बोलू नये, अशीच त्यांची अपेक्षा असे.

“का पण?” वरदानं विचारलंच.

“बघ! तिसरा भाग लगेच मोडलास.”

“काका, आम्हाला कोर्समध्ये शिकवलंय. चूक झाली तर एक सरळ रेघ, शेजारी तारीख आणि इनिशियल्स. म्हणजे चूकही दिसते आणि दुरुस्तीही. खोडायचंच नाही हा कुठला नियम?”

“माझ्या वडिलांचा. दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासनीस होते ते, बत्तीस वर्षं. त्यांच्या वहीत एक खाडाखोड सापडली नसती तुला.”

“म्हणजे चुका होत नव्हत्या, की लपवत होते?”

शशीकाका हसले नाहीत. गॅरेजच्या दाराशी उभे असलेले राजीवकाका मात्र उगाच खोकले.

कॉव्हेंट्रीतल्या या गॅरेजात अकरा वर्षं दर रविवारी तीन मित्र जमत आले होते: डॉक्टर शशी, मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनियर राजीव आणि वरदाचे बाबा, नकुल. तिघंही रायफल क्लबाचे सभासद. मैदानावर वाजवलेल्या रिकाम्या पितळी पुंगळ्या गोळा करून आणायच्या, घासून लख्ख करायच्या, त्यांत ठिणगी पाडणारा नवा प्रायमर बसवायचा, काट्यावर तोलून दारू भरायची आणि वर गोळी दाबायची. झालं नवं काडतूस. वरदाची आई, सुप्रभा, गणपतीच्या हॉलमध्ये खुशाल सांगायची, “आमच्याकडचे रविवारी सकाळीच दारू तोलायला जातात,” आणि नव्या बायकांचे चेहरे बघत बसायची.

बाबांना जाऊन चौदा महिने झाले होते. राहिलेल्या दोघांच्या बंदुकीच्या सर्टिफिकेटचं नूतनीकरण आलं होतं. तीन आठवड्यांनी पोलिसांचा ऑफिसर घरी येणार होता, आणि नोंदी इंग्रजीत, नीट कॉम्प्युटरवर दिसल्या तर बरं, असं त्यानं फोनवर सांगून ठेवलं होतं. वह्या मराठीत होत्या. वरदाची स्टॅटिस्टिक्सची डिग्री नुकतीच झाली होती आणि बेसिंगस्टोकची नोकरी पुढच्या महिन्यात सुरू व्हायची होती. तेव्हा शशीकाकांनी आईला फोन करून म्हटलं होतं, “वरदा रिकामीच आहे ना?”

त्या ‘रिकामीच’चा राग तिच्या मनात अजून धुमसत होता. पण वह्यांत बाबांचं अक्षर होतं, म्हणून ती आली होती.

२

जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून तिनं काम सुरू केलं. वह्या सुरेख होत्या, हे तिला चरफडत का होईना, मान्य करावं लागलं. डावीकडे तारीख, मग हजर कोण कोण, लॉटचा नंबर, पुंगळ्या किती आणि कितव्यांदा वापरलेल्या, प्रायमरचं खोकं, दारूचा डबा, कुणी तोललं, काट्यावरचं वजन, पडताळणीचं वजन, तयार किती, शेरा. अकरा वर्षांत एक रकाना रिकामा नव्हता. राजीवकाका तारीख आणि हजेरी लिहायचे. पुढचे आकडे तोलणारा आपल्या हातानं टाकायचा. बाबांचा सात मधोमध आडवी रेघ मारलेला. तो दिसला की ती थोडा वेळ थांबायची आणि मग पुढच्या ओळीकडे जायची.

आठवी वही संपवून तिनं नववी उघडली. गेल्या वर्षीचा ऑगस्ट, तिसरा रविवार. बाबा गेले तो रविवार.

‘शशी, राजीव, नकुल: हजर.’ पुढचे सगळे रकाने रिकामे. अकरा वर्षांतली एकमेव अर्धी ओळ.

हे तिला समजण्यासारखं होतं. राजीवकाका अकराच्या ठोक्याला नावं लिहून मोकळे व्हायचे, कारण बाबा कधी चुकायचे नाहीत. त्या दिवशी अकरा वाजता बाबा इस्पितळात होते, आणि ती आणि आई त्यांच्या पलंगाशी. अकरा वाजून दहा मिनिटांनी सगळं संपलं. इथं नाव लिहून झालं असणार आणि मग फोन वाजला असणार. तिचे डोळे भरून आले.

तिनं पान उलटलं.

सप्टेंबर. ‘शशी, राजीव, नकुल: हजर.’ तोललं: न. पुढच्या रविवारी तेच. ऑक्टोबर, नोव्हेंबर, जानेवारीतला एक रविवार सोडला तर थेट गेल्या रविवारपर्यंत. न, न, न.

तिनं तिथूनच राजीवकाकांना फोन लावला.

“काका, बाबांचं नाव अजून का लिहिताय? सवय म्हणून? माया म्हणून?”

“वहीत आहे ते टाइप कर, बेटा.”

“अहो, ऑफिसर वाचेल ना! मेलेल्या माणसानं वर्षभर दारू तोलली म्हणून. तुमचं दोघांचं सर्टिफिकेट जाईल.”

“इंग्रजीत नुसतं ‘एन’ लिही. एन कोण, ते तो विचारणार नाही.”

“मी विचारतेय.”

राजीवकाका म्हणाले, “जेवलीस का?” आणि फोन ठेवला.

३

म्हाताऱ्यांना उघडं पाडायचं, असं ठरवूनच तिनं आकडे हातात घेतले. न-च्या नावावरचं काम दोघांपैकी कुणीतरी करत असणार. कोण, ते आकडे सांगतील. आकडे कुणाची भीड ठेवत नाहीत.

प्रत्येक दहावं वजन दोनदा लिहिलेलं असे: एकदा जुन्या दांडीच्या काट्यावरचं आणि एकदा इलेक्ट्रॉनिक काट्यावरचं. दोन्हींतला फरक माणसागणिक वेगळा. शशीकाकांचा शून्याच्या अलीकडे-पलीकडे समान विखुरलेला. राजीवकाकांचा तसाच, थोडा सैल. बाबांचा मात्र नेहमी एकाच बाजूला, केसभर. अकरा वर्षं, न चुकता.

कारण तिला माहीत होतं. बाबांचा उजवा डोळा लहानपणापासून अधू. काटा वाचताना ते डावीकडे झुकत, मान कलती करत आणि एक डोळा मिटत. बाजूनं पाहिलं की दांडीची खूण जराशी सरकून दिसते. हे त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं, कारण फरक इतका बारीक की वर्षानुवर्षांचे आकडे एकत्र मांडल्याशिवाय दिसणारच नाही. तो पहिल्यांदा आत्ता, तिला दिसत होता.

सप्टेंबरनंतरच्या न-चा फरकही त्याच बाजूला होता. केसभर.

तिनं स्प्रेडशीटला फिल्टर लावून पुन्हा मोजलं. एखादा सूत्राचा घोळ असेल म्हणून सगळं पुसून नव्यानं मांडलं. मग खुर्चीवर मागे रेलून स्वतःशी भांडली. शशीकाका बाबांची नक्कल करत असतील. पण जे कुणालाच ठाऊक नाही त्याची नक्कल कशी करणार? काटाच बिघडला असेल. मग त्याच रविवारचे शशीकाकांचे आकडे सरळ कसे?

तिनं काढलेल्या आलेखात आणखी एक गोष्ट होती. जानेवारीपासून न-चे ठिपके हळूहळू फाकत चालले होते. आधी एका रेघेत बसणारे ठिपके आता हाताच्या बोटांसारखे पसरलेले. जणू तोलणाऱ्याचा हात दर आठवड्याला जास्त थरथरत होता. वहीतले न-चे आकडेही, आडव्या रेघेच्या सातांसकट, तसेच वेडेवाकडे होत गेलेले, आणि राजीवकाकांचं अक्षरही. त्यांना कंप सुटला होता, हे सगळ्यांना माहीत होतं. ते फक्त हजेरी लिहीत. तोलत नव्हते.

आई चहा घेऊन मागे उभी होती. पडद्यावरच्या ठिपक्यांकडे ती बघत राहिली.

“काय गं हे?”

“काही नाही. काकांची लबाडी.”

आईनं कप ठेवला. “रविवारी ये तू माझ्याबरोबर,” ती म्हणाली. “ते म्हणतच होते, वरदाला आण.”

“तू कुठे जातेस रविवारी? तू तर मंदिरात जातेस ना?”

आई गॅस बघायला आत गेली. रविवारी सकाळी वरदा खाली आली तेव्हा ती डबा भरत होती. एकेका माणसाला दोन असं थालीपिठं मोजून ठेवत होती. वरदानं तिच्या बोटांबरोबर मोजलं. त्या दोघी, ते दोघे. माणसं चार होती. थालीपिठं दहा.

४

गॅरेज उजेडानं भरलेलं होतं. ऑक्टोबरचं स्वच्छ, थंड ऊन बागेकडच्या खिडकीतून थेट आत येत होतं. भिंतीला लांब ओटा, त्यावर घट्ट बसवलेली, काडतूस दाबायची प्रेस, लेबलं लावलेल्या प्लास्टिकच्या पेट्या, हवा कोरडी ठेवणाऱ्या यंत्राची घरघर. प्रेसपाशी राजीवकाकांचं स्टूल. मधे शशीकाकांचं, इलेक्ट्रॉनिक काट्यासमोर. टोकाला, खिडकीकडे, जुना दांडीचा काटा. त्याच्यापुढे एक स्टूल. त्यावर कुणी नव्हतं.

आईनं आपली घडीची खुर्ची उघडली ती खिडकीकडे पाठ करून. तिची जागा ठरलेली होती.

“बस,” शशीकाका वरदाला म्हणाले. “काम चालू असताना खिडकीकडे बघायचं नाही.”

“आणखी एक नियम!”

“डोळे दिपतात,” राजीवकाका पुटपुटले. वहीवर ओणवे होऊन त्यांनी पेन धरलं. डाव्या हातानं उजव्याचं मनगट दाबलं तरी टोक नाचत होतं. शशी. राजीव. तिसरं नाव लिहायला त्यांना सगळ्यांत जास्त वेळ लागला. न-ची उभी रेघ दोनदा घसरली. मग ‘हजर’, आणि त्यांनी सुस्कारा सोडला.

काम सुरू झालं. प्रेसची दांडी खाली, वर. खटक. पुंगळी फळीवर. शशीकाका एकेक गोळी बसवत होते. वरदानं घड्याळ लावलं. तिला हिशेब करायचा होता: दोन माणसांचे हात तासाला किती काडतुसं करतात.

पाचेक मिनिटांनी तिला तो आवाज ऐकू आला. टिंग. काट्याचं पितळी पारडं आपल्या जागी टेकतं तेव्हा होतो तसा. मग दारू ओतल्याची सळसळ, वाळू सांडावी तशी. मग शांतता, आणि पुन्हा टिंग.

ऊन पडलं की धातू प्रसरण पावतो, तिनं स्वतःला सांगितलं. कोरड्या हवेचं यंत्र हादरे देत असेल. ओटा एकच सलग आहे, इकडची प्रेस खाली आली की तिकडचं पारडं हलणारच. तीन कारणं. तिन्ही चांगली. ती तिन्ही मनात घोळवत असतानाच शशीकाकांनी, मान न वळवता, डावा हात मागे पसरला. खिडकीकडे. हात तसाच थांबला, तळवा वर.

पुढे आला तेव्हा त्यात भरलेलं पारडं होतं.

त्यांनी ते आपल्या काट्यावर ठेवलं, आकडा वाचला, पुंगळीत रिकामं केलं आणि रिकामं पारडं पुन्हा मागे धरलं. हात मोकळा परत आला.

वरदानं आईकडे पाहिलं. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत, गुंडाळत होती. तिचे डोळे मिटलेले होते, आणि ती मन लावून ऐकत होती.

५

साडेबाराला राजीवकाका “बास” म्हणाले आणि प्रेस थांबली. टिंग आणखी दोनदा झालं, मग तेही थांबलं. आईनं कागदी बशा मांडल्या. पाच. पाचवी तिनं पाठमोरीच, हात मागे नेऊन ओट्याच्या टोकाला सरकवली.

“दीड तासात ऐंशी,” वरदा म्हणाली. तिचा आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा चढा निघाला. “दोघांचं काम नाहीये ते. कोण आहे तिथे?”

“हळू बोल,” राजीवकाका म्हणाले.

“का? झोपलंय का कुणी?”

“वरदा!” आई म्हणाली.

शशीकाकांनी थालीपिठाचा तुकडा मोडला पण खाल्ला नाही. “त्या दिवशी राजीवनं नाव लिहिलं. हजर लिहिलं. मग तुझ्या आईचा फोन आला. आम्ही वही मिटली. तीन आठवड्यांनी उघडली तेव्हा मी म्हटलं, खोडायचं नाही. आमच्याकडे खोडत नाहीत. त्याच दुपारी पारडं वाजलं.”

“म्हणजे चूक राजीवकाकांची, हट्ट तुमचा, आणि बाबा माझे. छान वाटणी केलीत.”

“तुला काय वाटतं, आम्हाला हौस होती?” राजीवकाका एकदम उसळले. “एका रविवारी नाही लिहिलं नाव. जानेवारीत. बर्फ पडला होता, मला येताच आलं नाही. विचार तुझ्या आईला काय झालं ते!”

वरदा वळली. जानेवारीत ती युनिव्हर्सिटीत होती.

आई बशीकडे बघत बोलली. “जिन्यावर बसला होता. सकाळी अकरापासून. भिंतीकडे तोंड करून. मी हाक मारली, वळला नाही. दिवस मावळेपर्यंत मी स्वयंपाकघरातच होते गं. बाथरूमला पण वर गेले नाही.” तिनं तोंडावर हात घेतला. “मला तो हवाय, वरदा. पण घरी नको. इथं असू दे. इथं उजेड असतो, भाऊजी असतात.”

“तू मला सांगितलं नाहीस.”

“काय सांगणार होते? तुला पुरावे लागतात.”

शशीकाका खाकरले. मुद्द्यावर यायच्या आधी ते असेच खाकरत. “राजीवचा हात गेलाय. हजेरीवर याच्याच हातचं अक्षर चालतं. मी लिहून पाहिलं, माझ्या हातचं चाललं नाही. वाटलं, रक्ताचं चालेल. तुझं अक्षर नकुलसारखं आहे, सगळे म्हणतात. राजीव वेडंवाकडं लिहितो तसा तो… तसं तेही वेडंवाकडं होत चाललंय.”

आलेखातले फाकलेले ठिपके वरदाच्या डोळ्यांपुढे आले. आणि कशासाठी बोलावलं होतं तेही. स्प्रेडशीट, ऑफिसर, इंग्रजी, सगळं खरं होतं आणि सगळं निमित्त होतं. त्यांना तिचा हात हवा होता.

“किती दिवस?” तिनं विचारलं.

राजीवकाका वहीची पानं सारखी करू लागले.

“माझी नोकरी बेसिंगस्टोकला आहे. मी दर रविवारी इथं येऊन बापाचं नाव लिहायचं? तिशीत, चाळिशीत? तुम्ही दोघं गेलात की एकटीनं? आणि माझा हात थरथरायला लागला की माझ्या मुलीला आणायचं?”

“तेव्हाचं तेव्हा बघू,” शशीकाका म्हणाले.

“हेच! हेच तुम्ही आयुष्यभर केलंत. तेव्हाचं तेव्हा!”

६

वही तिच्यापुढे सरकवली गेली. राजीवकाकांनी दुपारच्या पाळीसाठी नवी ओळ आखली होती, तारीख घातली होती. पेन वहीच्या घडीत आडवं पडलं होतं.

“मी लिहीत नाही,” ती म्हणाली.

“एकदा,” आई म्हणाली. ती उठून वरदाच्या मागे आली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. “फक्त एकदा लिही. नीट लिही. मी चौदा महिन्यांत त्याच्याकडे बघितलं नाहीये गं. बघवत नाही असा झालाय. मला एकदा नीट दिसू दे.”

काकांना ती दिवसभर नाही म्हणू शकली असती. पाठीवरचा तो हात मात्र थंड होता आणि हलका, आणि इस्पितळातल्या त्या सकाळी तो असाच होता.

वरदानं पेन उचललं. तिचं अक्षर खरंच बाबांसारखं होतं, गोल आणि सरळ. तिनं लिहिलं: नकुल.

टिंग झालं नाही. त्याऐवजी स्टूल सरकलं. फरशीवर लाकूड घासलं, एखाद्यानं नीट सावरून बसावं तसं.

तिनं वर पाहिलं, थेट खिडकीकडे.

उन्हात कुणीतरी काट्यावर झुकलेलं होतं. डावीकडे, मान कलती करून. आधी सगळ्या कडा कापत होत्या, ओल्या शाईवरून बोट फिरवावं तशा. खांदा दोन ठिकाणी होता, कोपराला सुरुवात होती पण शेवट नव्हता. मग ते कापणं कमी होत गेलं. खांदे एक झाले. निळ्या स्वेटरचा उसवलेला काठ दिसला. मानेवरचे करडे केस, कानामागचा तीळ. चिमटीत धरलेला दारूचा चमचा, आणि त्यावरची ती ओळखीची, जाड, प्रेमळ बोटं.

“नकुल,” आई कुजबुजली. तिनंही वळून पाहिलं होतं.

हाक ऐकून ते सावकाश वळलं.

कलती मान, कपाळाची कड, हनुवटीची कड, आणि मधे काही नव्हतं. भोक नव्हतं, जखम नव्हती. कोऱ्या रकान्यासारखी सपाट, स्वच्छ जागा होती. अकरा वर्षांच्या वह्यांत बाबांची वजनं होती, वेळा होत्या, डब्यांचे नंबर होते. चेहरा कुणी लिहिलेला नव्हता.

ती कोरी जागा वरदाच्या हाताकडे वळून वाट बघत होती. नावापुढचा रकाना अजून भरायचा होता.

“लिही,” शशीकाका घोगऱ्या आवाजात म्हणाले. ते एकटेच अजून भिंतीकडे बघत होते. “अर्धं ठेवू नकोस. हजर लिही आणि मोकळी हो.”

“लिही गं,” आई रडत होती. “होईल, होईल सगळं नीट. तू लिहीत गेलीस की होईल.”

वरदाच्या दातावर दात आपटत होते. भीतीनं की संतापानं, ते तिला तेव्हाही सांगता आलं नसतं. शेवटच्या सकाळी बाबा ऑक्सिजनच्या मास्कमधून हसले होते आणि म्हणाले होते, अशी रागानं काय बघतेस, मी काही केलं नाहीये. तो चेहरा तिच्याजवळ होता, रेघन्‌रेघ. तो या वहीत कधीच येणार नव्हता, कितीही रविवार लिहिलं तरी.

“हे बाबा नाहीत,” ती म्हणाली. “ही तुमची चूक आहे. तुम्ही तिला स्वेटर घातलात, डबा आणलात आणि आता माझ्या हातानं तिचं तोंड रेखाटून घेताय. मी हजर लिहिणार नाही. आज नाही, कधीच नाही.”

“मग तो घरी येईल!” राजीवकाका ओरडले. “तुझ्या आईकडे! तू जाशील निघून तुझ्या बेसिंगस्टोकला, आणि ती…”

“आई माझ्याबरोबर येईल. आणि आलंच कुणी, तर दार मी उघडीन.”

तिनं पेन टेकवलं. खिडकीकडच्या उन्हात ती कोरी जागा अगदी निश्चल झाली. नकुल या नावापुढे वरदानं सावकाश, गोल, सरळ अक्षरात, एकेक उभी रेघ नीट खाली ओढून लिहिलं: गैरहजर.

“अगं, असं लिहायची पद्धतच नाही आपल्याकडे,” शशीकाका म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच म्हाताऱ्या माणसाचा वाटला. “जो आला नाही, त्याची ओळच नसते.”

“आता आहे,” वरदा म्हणाली.

राजीवकाकांनी थरथरणारा हात मांडीखाली दाबून धरला. आईनं वरदाच्या पाठीवरचा हात काढून घेतला आणि तो कुठे ठेवावा हे न कळून तसाच हवेत धरला. तिघांपैकी कुणीही मान वळवली नाही. वरदानं एकटीनं खिडकीकडे पाहिलं: स्टूल रिकामं होतं, आणि पारड्यावर नुसतं ऊन पडलं होतं.